गर्झीची शाल ऑस्लाच्या पाण्यात

ऑस्लाला विणता येत नाही, हे अख्ख्या उन्स्टला माहीत होतं. शेटलंडमधलं हे सगळ्यात वरचं बेट, इथे बायका चालता चालता विणतात, पाठीवर ओझं घेऊन विणतात, भांडतानासुद्धा सुया थांबत नाहीत, आणि त्यात ही बाई! लग्नानंतर तिने नवऱ्यासाठी मोज्यांचा जोड विणायला घेतला होता. एकच मोजा झाला. लाउरी अजून तो आल्यागेल्याला दाखवतो, "बघा, डाव्या पायाचा की उजव्याचा, ते ठरायचंय."

पण धुवायचं म्हटलं की ऑस्लाच. सुईवरून उतरलेली जाळीची शाल म्हणजे नुसता चुरगळलेला बोळा असतो हो, तिची शाल होते ती पाण्यात. कोमट पाणी, साबणाचा चुरा, चोळायचं नाही, पिळायचं नाही, आणि पाणी जरा जास्त गरम झालं की झालंच घोंगडं! मग टॉवेलात गुंडाळून पाणी टिपायचं, काठाच्या टोकाटोकातून दोरा ओवायचा, चौकटीवर ताणून भिंतीला टेकवून वाऱ्यावर वाळवायची. तीस वर्षं बेटावरच्या बायका शाली तिच्याच दारात आणून टाकत होत्या.

फक्त गर्झीची शाल कधी आली नाही. गर्झी म्हणजे बेटावरची सगळ्यात बारीक विणणारी. "माझं विणलेलं मीच धुते. दुसरीच्या पाण्याचा काय भरवसा?" असं ती चर्चच्या दारात सगळ्यांसमोर बोलली होती. ऑस्ला तेव्हा हसली, पण घरी येऊन तिने शाली धुवायची बादली दोनदा घासली होती.

आणि शुक्रवारी सकाळी गर्झी दारात! उजव्या मनगटाला प्लास्टर, काखेत बोचकं.

"पडलीस होय?"

"नाही, हौस म्हणून बांधलंय! परवा नातीच्या बाळाचा बाप्तिस्मा आहे. शाल धुऊन ताणून दे. आणि नीट दे."

गर्झी गेली आणि ऑस्लाने दार लावून शाल उघडली. काय विणलं होतं! पांढरंशुभ्र, धूर विणल्यासारखं. तिने हळूच शाल पाण्यात सोडली, खालून दोन्ही तळवे लावले. आणि मधोमध तिच्या बोटाला काहीतरी लागलं. एक मोकळा टाका. सुटून सात घरं खाली उतरलेला.

ही अशीच ताणली तर टाका थेट काठापर्यंत धावणार. सांगितलं तर गर्झी म्हणणार, तूच सोडलास.

"बांध एक गाठ आणि गप बस," लाउरी म्हणाला.

"गाठ? गर्झीच्या शालीत गाठ?"

"मग टाक तशीच ताणून."

"तू ना, मेंढ्यांकडे बघ!" ती ओरडली, आणि लगेच म्हणाली, "नको, थांब. आधी गर्झीला बोलावून आण."

ऑस्लाने शाल काढून टॉवेलात टिपून ठेवली. गर्झी आली ती दारातूनच, "फाडलीस ना?"

ऑस्लाचे कान तापले. "फाडली असती तर धागा तुटला असता. धागा अख्खा आहे. दे, हात दे इकडे."

तिने गर्झीचा डावा हात धरून बोट त्या टाक्यावर ठेवलं. बोट वर गेलं, खाली आलं, पुन्हा वर गेलं. गर्झी खुर्चीवर बसली.

"मी बघितलाच नाही हा."

"अगं, खिडकीत बसून विणायचंस ना!"

"खिडकीत बसून काय करू? पांढऱ्यावर पांढरं मला दिसतच नाही. दोन वर्षं झाली. नुसत्या बोटांवर विणते."

आणि कुणाला कळणार कसं? न बघता विणणं हीच तर इथली शान! गर्झी विणताना समोरच्याशी बोलत बसायची आणि लोक म्हणायचे, बघा, सुईकडे बघत पण नाही. ऑस्लाला एकदम रडायलाच आलं. पण रडून टाका वर येत नाही. तिने क्रोशाची सुई काढली, लाउरीचा रविवारचा काळा कोट टेबलावर पसरला आणि त्यावर शाल. काळ्यावर घरं अशी स्वच्छ दिसायला लागली!

"मी बघते. तू सांग."

"तू? अरे देवा!"

"मग करतेस प्लास्टरने?"

गर्झीने सुस्कारा सोडला. "फासात सुई घाल. मागून. मागून गं! आता वरचा आडवा धागा त्यातून ओढ. हळू! सुई आहे की फावडं ते?"

"ओरडू नकोस, हात हलतो."

"ओरडत नाहीये. बोलतेच मी अशी."

एक घर, दुसरं, तिसरं. चौथं चुकलं, परत उतरवलं. लाउरी दारात येऊन उभा राहिला, कोट बघितला, आणि शहाण्यासारखा परत गेला. सातवं घर वर आलं तेव्हा ऑस्लाच्या पाठीवरून घाम वाहत होता. तिने शेवटचा टाका बारीक धाग्याने शेजारच्याला धरून ठेवला.

गर्झीने बोटं फिरवली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा डोळे मिटून.

"कुठे होता गं?"

ऑस्लाने जागा दाखवली. गर्झी तिथेच दोन बोटं ठेवून बसून राहिली.

मग राहिलेलं धुणं आटपलं आणि दोघींनी शाल चौकटीवर चढवली. ऑस्लाने टोकाटोकातून दोरा ओवला, गर्झीने डाव्या हाताने चौकट धरली आणि अंगठ्याने काठ चाचपत "तिकडे सैल आहे, तिकडे" करत राहिली. शाल उलगडली आणि काय सांगायचं, दुपारच्या उन्हात मधली सगळी फुलं एकदम उभी राहिली. भिंतीला टेकवलेल्या त्या चौकटीसमोर दोघी बाकावर बसल्या. वारा बरोबर हवा तेवढाच होता. ऑस्लाने तव्यावरचा गरम बॅनक, इथली जाडसर भाकरीच ती, आणि रुबार्बचा मुरंबा आणला.

"कुणाला सांगशील?" गर्झीने विचारलं.

"काय सांगू? शाल आली, धुतली."

गर्झीने बॅनक संपवला, बोटं चाटली, एप्रनला पुसली.

"पेटीत अजून चार आहेत. या दोन वर्षांतल्या. धुवायच्या आधी तू एकदा बघून देशील?"

"सोमवारी घेऊन ये," ऑस्ला म्हणाली, आणि कोट घासायला आत गेली.