पूजा करा, पण नाक सोडून

निजामाच्या राजवटीतली गोष्ट. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बायकोला कळा लागल्या अन् सुईण गोदावरीच्या पल्याड. आमी निघालो, तर होडीचं इंजन सारखं खोकून बंद पडायलं.

सोबत पूर्णेचा एक मिशीवाला रेल्वेवाला होता. तेलाच्या टाकीच्या झाकणावर पूजेचा शेंदूर थापलेला त्यानं पाहिला, हात जोडले, मग चपलेत रुतलेला बाभळीचा काटा उपसून झाकणातलं शेंदरानं बुजलेलं हवेचं भोक कोरू लागला.

नावाडी खवळला, "चपलेचा काटा देवाला?"

"मामू, देवाचा जीव कोंडलाय. पूजा लय करा, पन नाक सोडून."

टाकीनं सुस्कारा सोडला, इंजन एकसूर चाललं. लेक पल्याडच्या काठावर सुखरूप जन्मली.

मी कुणाचं ऐकणारा माणूस न्हाई. पण दसऱ्याला विहिरीच्या इंजनाला शेंदूर लावताना आजही टाकीच्या झाकणातलं भोक बोटानं झाकून धरतो.