निखाऱ्याचा मठ्ठा

आज गॅसवर कोळसा लाल केला, वाटीत ठेवून त्यावर तूप-हिंग टाकला आणि ती वाटी मठ्ठ्यात तरंगती सोडून झाकण घातलं. त्या वासासरशी मी पोचले थेट पुनावळ्याच्या अंगणात, नणंदेच्या साखरपुड्याच्या दुपारी.

लातूरहून सून होऊन येऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. उन्हानं दही आंबट ढाण झालेलं आणि पंगत तर जिलेबीपर्यंत आलेली. मी दह्यात गार पाणी ओतलं, जरा वेळानं वर आलेलं आंबट पाणी काढून टाकलं. उरलेलं घुसळून त्यात मीठ, साखर, आलं-मिरची घातली आणि चुलीतला निखारा उचलला.

"आमी न्हाई असलं करत. जळका वास येईल," सासूबाई म्हणाल्या.

"आमच्याकडं असंच करतात, आई. एकदा बघा तरी." मीही हट्टीच.

नणंदेच्या होणाऱ्या सासऱ्यांनी एक पेला घेतला, मग दुसरा, मग तिसरा. "कुणी केलाय हो?"

"आमच्या सूनबाईनं!" सासूबाई पंगतभर ऐकू जाईल असं म्हणाल्या.

तेव्हा वाटलं, जिंकले. पण खरी जिंकले ते पाहुणे गेल्यावर, हे आज कळतं. मठ्ठ्याचं रिकामं पातेलं सासूबाईंनी घासायला टाकलं नाही. पाणी घालून विसळलं आणि ते पाणी उभ्याउभ्या पिऊन टाकलं.