पंचमीची विळी

लाह्या फुटल्याचा वास आला की मला करंजाचं तेल आठवतं. आम्ही तेव्हा येलदरीला राहायचो, नवरा ट्रक चालवायचा. नागपंचमीला चिरायचं-कापायचं नसतं, पण मी विसरले आणि विळीवर दोडकं चिरलं. महिन्याभरात नवऱ्याच्या अंगावर तांबूस फोड उठले, वर शिंपल्यासारख्या जाड खपल्या, आणि खाज अजिबात नाही. सासूबाई म्हणाल्या, "तू इळीनं नागाला चिरलंस. तुझ्यापायी भोगायलाय माझं लेकरू." मी दर महिन्याच्या पंचमीला उपास धरला, वारुळाला दूध घातलं, रोज त्या खपल्यांना करंजाचं तेल लावलं. तो डोळे मिटून म्हणायचा, "हळू लाव." विद्यापीठाचं नामांतर झालं त्या संक्रांतीला माझ्याही तळहातांवर तांबूस डाग दिसले, म्हणून मी एकटीच परभणीच्या सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी हात पाहिले, नवऱ्याचं नाव विचारलं आणि त्याचा जुना कागद काढला. "हा सिफिलिस आहे, त्यांच्याकडून तुम्हाला आला. त्यांना एड्सचीही लागण आहे, म्हणून त्यांचे फोड एवढे जाड. बायकोला घेऊन या, असं त्यांना दसऱ्यालाच सांगितलं होतं." माझा आजार सुयांनी गेला, तो दुसरा मला लागला नाही. नवरा पुढची पंचमी पाहू शकला नाही. शेवटपर्यंत सासूबाई मलाच बोलत राहिल्या आणि तो शेजारी पडून गुमान ऐकत राहिला. आता दर नागपंचमीला मी सकाळीच विळी काढते आणि दोडकं चिरते.