धनगरवाड्यावरचे लाईटदादा

मुलाच्या तोंडावर दिवा लावण्याआधी लाईटदादा तो स्वतःच्या तोंडावर लावून घेत. शूटिंग खोळंबलं तरी चालेल, पण मुलाच्या जागेवर आधी ते बसणार, डोळे बारीक करणार आणि समोरच्या पोराला विचारणार, "कसा दिसतोय? भुतावानी?" पोरं हसत. मग ते जागा सोडत.

ते मूळचे आंबवड्याचे. भोरमध्ये लग्नांच्या शूटिंगला दिवे लावायचे. पुण्याच्या एका बाईंनी डोंगरातल्या बंद पडलेल्या शाळांवर माहितीपट करायला घेतला, तेव्हा दिव्यांसाठी त्यांना बोलावलं आणि वाड्यावस्त्यांवर ओळखी आहेत म्हणून मला, कामथडीहून. दादा लहान मुलांनाही 'अहो' म्हणत. बाईंनी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "आपून त्येंच्या घरात आलोय न्हवं?"

वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, एका धनगरवाड्यावर आम्हाला सुमन भेटली. चौथीत असताना तिची शाळा बंद झाली, तेव्हापासून ती शेरडं राखत होती. त्यांच्या घराला खिडकी नव्हती. बाहेरचं ऊन आत येऊ नये म्हणून दार लोटून घेतलं आणि दिवा लावला. शाळेबद्दल ती नीट बोलली. मग बाईंनी आईचा विषय काढला. आदल्या पावसाळ्यात आजारी आई, झोळीतून खाली दवाखान्यात नेताना, वाटेतच गेली होती.

सुमन जमिनीकडे बघू लागली. बाईंनी कॅमेरामनला कॅमेरा चालू ठेवायची खूण केली. "सांग बाळा, काय आठवतं?"

पोरीची हनुवटी थरथरली, आणि दिवा गेला.

"बल्ब उडाला का?" काळोखात बाईंचा आवाज आला.

"न्हाई. म्या घालवला."

"लावा ना मग."

"लावतो. वाईच थांबा."

दादांनी दिवा लावला नाही. आम्हीही तसेच बसून राहिलो. बऱ्याच वेळाने त्यांनी उठून दार उघडलं, तशी सुमन खाली मान घालून शेरडांकडे निघून गेली.

उतरताना जीपमध्ये बाई म्हणाल्या, "तो क्षण आता परत मिळणार नाही."

"खरं हाय," दादा म्हणाले. त्यांनी वाद घातला नाही आणि माफीही मागितली नाही.

बाईंनी पुढच्या कामाला दुसरा माणूस घेतला. दादा लग्नांकडे परतले. मी विषय काढला की म्हणत, "बाईंचं काम चांगलं हाय. त्येंना घाई लई, यवढंच."

गेल्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. सुमन आता वेल्ह्याला वसतिगृहात राहून शिकते. तिला सांगायला म्हणून मी मुद्दाम गेले. ऐकून ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळू लागली.

"आई गेली तवा म्या रडले न्हवते," ती म्हणाली. "धाकटा भाऊ सारखा माज्याकडंच बगायचा. त्या दिवशी दादांनी अंदार केला, तवा रडून घेतलं. कुणाला दिसलं न्हाई."