भासऱ्याची पट्टी

गळा फाटेस्तोवर गायलं की भजन देवाला पोचतं, असा आमच्या मोहाडीकडे समज आहे. देव काय बहिरा आहे? माझ्या गाण्याच्या वर्गात मी पहिल्याच दिवशी हे विचारते आणि निम्म्या बाया नाराज होतात. होऊ देत.

ती आली तेव्हा तिचा आवाज पार झिजला होता. जवळच्याच गावातल्या महिला भजन मंडळाची ती मुख्य गाणारी. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी घशात कॅमेरा घालून पाहिलं होतं. स्वरतंतू सुजलेले, गाठी धरायला लागलेल्या. असंच ताणत राहिलात तर आवाज कायमचा जाईल, असं त्यांनी सांगितलं होतं. आणि दिवाळीनंतर गावात भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत तर तिला गायचं होतं. "आवाज गेला त माह्याकडं दुसरं काय आहे बाई?" ती म्हणाली. मला गलबलून आलं, रागही आला. म्हटलं, जाऊच देत नाही.

आधी गाणं बंद केलं. पाण्याच्या बाटलीत नळी बुडवून 'ऊ' म्हणत बुडबुडे काढायचे, एवढंच. त्याने स्वरतंतूंवरचा ताण उतरतो. घरचे हसले, पण सूज उतरली. मात्र गायला उभी राहिली की पुन्हा तेच! हनुवटी वर, मानेच्या शिरा ताठ, श्वास गळ्याशी अडकलेला. मी फुफ्फुसांचा तक्ता दाखवला, माझ्या बरगड्यांवर तिचा हात ठेवला. पालथ्या घड्यावर पाणी.

त्यात धानाचा रोवणा, म्हणजे भातलावणी, लागला आणि तिने येणंच सोडलं. माझं डोकं फिरलं. तिला चांगलं झाडायचं म्हणून स्कूटी काढून तिच्या शेतात, बांधीवर गेले. ती चिखलात वाकून रोपं लावत होती आणि बायांना गाणं सांगत होती. आवाज नितळ! मान सैल, पोट ढिलं, प्रत्येक श्वासाला पाठीच्या बरगड्या उघडत होत्या. महिनाभर मी जे मागत होते ते सगळं तिथे होतं. झाडायचं राहूनच गेलं.

पुढच्या खेपेला वर्गात म्हटलं, रोवण्यासारखी वाक. पाठीवर तळवा ठेवला. इथे श्वास घे, गात गात उभी हो, पाठ बंद होऊ देऊ नको. अर्ध्यावर आली की आवाज फाटायचा. पुन्हा वाक. ती हट्टी, मी तिच्याहून हट्टी. धान लोंबीवर आला तेव्हा कुठे ती सरळ उभी राहून तशी गायला लागली.

आणि मंडळाच्या तालमीत सगळं पुन्हा मुसळ केरात. काय होतंय ते बघायला मी स्वतः गेले. पेटीवर तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. आमच्याकडे सून भासऱ्याशी थेट बोलत नाही. डोक्यावर पदर, नजर खाली, निरोप तिसऱ्याच्या तोंडून. त्यामुळे ती हनुवटी छातीत रुतवून, मान लाकडासारखी करून गात होती. वर पट्टी काळी पाच. त्याची आई, मंडळाची जुनी गाणारी, त्याच पट्टीत गायची, म्हणून ती गेल्यावरही त्याने तीच धरली होती. हिच्या गळ्याला ती फार उंच. पण ही बोलणार कशी?

मी सांगते म्हटलं. ती नाही म्हणाली. "तुमी सांगतलं त मी जन्मभर तशीच मुकी राहीन. मीच सांगतो."

पुढची तालीम देवळाच्या सभामंडपात, दुपारची. त्याने काळी पाच दाबली. तिने सूर घेतला नाही. टाळ खाली ठेवले आणि सगळ्यांसमोर कमरेत वाकली. पदर डोक्यावरून घसरला. तिने पाठीत श्वास भरला, हळूहळू उभी राहिली आणि पेटीकडे तोंड केलं.

"भाऊजी, पट्टी उतरवा. या सुरात माहा गळा जाते."

एका म्हातारीने तिचा पदर सावरायला हात पुढे केला, तो तिने बाजूला सारला. भासऱ्याची बोटं खाली सरकली, काळी तीनवर थांबली. मान वर न करता तो कोरसमधल्या आपल्या बायकोला म्हणाला, "तिले म्हण, हा सूर धर."

तिची जाऊ निरोप द्यायला वळली, तोवर तिने गायला सुरुवात केली होती.