जाधवकाकांच्या झाडाची नॉमिनी

ज्या छंदात वर्षानुवर्षं काहीच घडत नाही, त्यात किस्से फार साठतात. ब्रोमेलियाड म्हणजे अननसाच्या घराण्यातली शोभेची झाडं. बीपासून वाढवली तर फूल यायला पाच-सहा वर्षं लागतात. तेवढा वेळ झाड गप्प बसतं हो, माणसं थोडीच बसतात!

कारेलीबागेतल्या आमच्या सोसायटीत हे खूळ आणलं जाधवकाकांनी. उभी नोकरी विम्याच्या ऑफिसात, वय तेव्हा बहात्तर. करजणच्या एका नर्सरीत बी मागायला गेले, तर तिथले भाई गुजरातीत म्हणाले, "काका, तैयार रोप लई जाओ ने, बे वरसमां फूल आवशे."

काका म्हणाले, "रोप नेलं तर फूल तुमचं. बी लावलं तर माझं."

आपण पेरलेल्या बीचं फूल आपल्या डोळ्यांनी बघायचं, एवढा एकच हट्ट. त्यांचं बघून मी आणि समोरच्या हेतलबेन, आम्हीही बियांचे डबे मांडले.

*

पहिल्याच दिवशी काकांनी नियम केला. प्रत्येक डब्यावर पट्टी लावायची: पेरणाऱ्याचं नाव, तारीख आणि नॉमिनी. पाच वर्षांचा मामला आहे, माणसाचा काय भरवसा, असं त्यांचं म्हणणं.

हेतलबेननी मुलीचं नाव घातलं. मुलगी कॅनडाला गेली, तेव्हा काकांनी त्यांच्याकडून नॉमिनी बदलाचा रीतसर अर्ज लिहून घेतला. मी आमच्या ह्यांचं नाव घातलं, तर हे म्हणाले, "फ्लॅट तुझ्या एकटीच्या नावावर आणि मला हे शेवाळं?"

*

ह्यांचंही खोटं नव्हतं. मिठाईच्या पारदर्शक डब्यात, ओल्या कोकोपीटवर, म्हणजे नारळाच्या भुशावर, बी नुसतं भुरभुरायचं, वर माती घालायची नाही. पंधरा-वीस दिवसांनी जे उगवतं, ते अगदी शेवाळ्यासारखं दिसतं.

दिवाळीच्या साफसफाईत काकूंनी काकांचा डबा घासून लख्ख केला आणि पालथा घालून ठेवला. काकूंनी जन्मात तुळशीशिवाय कशाला पाणी घातलेलं नाही. काका दोन दिवस जेवले, पण बोलले नाहीत. मोरीच्या जाळीवर एक रोप चिकटलेलं सापडलं, ते त्यांनी चिमट्याने उचलून पुन्हा लावलं.

आणि पट्टीवरचं काकूंचं नाव खोडून माझं घातलं.

"पॉलिसीला मी, आणि झाडाला सुनंदा," काकू महिनाभर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या. माझ्याशी बोलणंही जरा तुटकच झालं.

*

रोप वाढलं. ह्या झाडाच्या मधोमध पानांची वाटी होते आणि तिच्यात पाणी साठतं. एकदा डासांच्या अळ्या तपासणारा माणूस आला आणि म्हणाला, पाणी ओतून द्या. काका स्वयंपाकघरातून गाळणी घेऊन आले, वाटीतलं पाणी त्याच्या समोर गाळलं आणि बघा, एक अळी नाही, म्हणून गाळणी त्याच्या नाकाखाली धरली. माणसाला पटलं. खूश होऊन काकांनी त्याला चहाला थांबायचा आग्रह केला.

तो गाळणीकडे बघत म्हणाला, आज उपवास आहे.

*

सहावं वर्ष लागलं तरी फूल नाही. काका अठ्ठ्याहत्तरीला आलेले, धीर सुटत चाललेला. मग कुठेसं कळलं की पिकलेल्या सफरचंदाबरोबर झाड पिशवीत बांधून ठेवलं की ते फुलावर येतं. काकांनी खंडेराव मार्केटातून चांगलं पिकलेलं सफरचंद आणून झाड बांधून ठेवलं. नेमकं नवरात्र चालू होतं. तिसऱ्या दिवशी काकूंनी पिशवी सोडून सफरचंद फराळाला खाल्लं.

काका दुसरं घेऊन आले. ह्या वेळी पिशवीवर सही करून चिकटपट्टी मारली.

*

दोनेक महिन्यांनी वाटीच्या तळाशी गुलाबी टोक दिसलं. काका आम्हाला हाताला धरधरून दाखवत होते. आणि त्याच आठवड्यात त्यांच्या छातीत दुखलं. डॉक्टरांनी बायपास सांगितली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी हॉस्पिटलात भेटायला गेले. स्वतःबद्दल एक शब्द नाही. "सुनंदा, झाड आजच तुझ्याकडे ने. हिच्याकडे राहिलं तर संपलंच. मी बघेन न बघेन, फूल वाया जायला नको." माझा हात त्यांनी बराच वेळ सोडला नाही. मला रडू आलं, पण त्यांच्यासमोर हसले.

तशीच त्यांच्या घरी गेले. काकूंनी दार उघडलं. काकांनी झाड न्यायला सांगितलंय, नॉमिनी मी आहे ना, असं मी चाचरत म्हटलं.

काकू दारातून हलल्या नाहीत.

"अगं, विमेवाल्याची बायको आहे मी. नॉमिनीला माणूस गेल्यावर मिळतं. आमचे हे उद्या ऑपरेशनला चाललेत, परवा शुद्धीवर येतील."

त्यांनी पदराने डोळे पुसले आणि बाजूला झाल्या.

"आत ये. पाणी कुठे घालायचं, तेवढं मला दाखव."