एका बाहीचा स्वेटर

डांबराच्या गोळ्यांचा वास आला की मला एका बाहीचा लाल स्वेटर आणि माझी एक थाप आठवते. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. मुलगी बघायला गेलो तेव्हा छाप पडावी म्हणून मी म्हणालो होतो, "मधुचंद्राला बोटीने विलायतेला जाऊ." मी गिरगावातला साधा कारकून, घारापुरीपलीकडे बोटीने गेलो नव्हतो. लग्न झालं आणि ऐन मे महिन्यात ती घाम पुसत माझ्यासाठी स्वेटर विणायला बसली. अख्खी चाळ बोटीची तारीख विचारू लागली. अशातच एका संध्याकाळी मोर्चावर लाठीमार झाल्याची बातमी आली आणि मला वाट सापडली. गॅलरीत उभा राहून मी शपथ घेतली, "महाराष्ट्र मिळेपर्यंत परदेशी पाऊल ठेवणार नाही!" चाळीने सभा घेऊन आम्हा दोघांना नारळ दिले. "केवढा हा त्याग!" म्हणत समोरच्या काकूंनी डोळे पुसले. माझी मान वर होईना; बायको मात्र ताठ उभी होती. पुढे राज्य मिळालं, पेढे वाटले गेले, आणि काकूंनी विचारलं, "काय हो, आता बोट कधी?" मी म्हणालो, "बेळगाव राहिलंय ना, काकू." माझ्या शपथेमुळे बायकोची दुसरी बाही विणायची राहून गेली, हे मला इतकी वर्षं टोचत होतं. परवा तिने ट्रंक उघडली तेव्हा मी सगळं कबूल केलं. ती म्हणाली, "अहो, पासपोर्टला फोटो लागतो. माझा फोटो काढायचं तुम्ही नावच काढेनात, तेव्हाच मी विणायचं थांबवलं. शपथ त्यानंतरची."